भरपाईतला वाटेकरी

तेलंगणातल्या एका स्त्रीचा नवरा जुलै १९९८मध्ये मोटार अपघातात गेला. भरपाईचा दावा दाखल झाला, वर्षे लोटली, रक्कम मंजूर झाली. वकिलाला दहा लाख रुपये दिलेले होते, असे तिचे म्हणणे. तरीही ऑक्टोबर २०१४मध्ये तिच्याकडून आणखी तीन लाखांच्या चेकवर सही घेतली गेली. चेक वटला नाही आणि वकिलाने आपल्याच अशिलावर चेक न वटल्याचा फौजदारी खटला भरला. फीचा हिशोब होता मिळालेल्या भरपाईच्या सोळा टक्क्यांचा. उच्च न्यायालयाने खटला रद्द करायला नकार दिला, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०१७मध्ये न्या. आदर्शकुमार गोयल आणि न्या. उदय लळित यांनी तो खटला रद्द केला. निकालाच्या रकमेवर टक्केवारीने फी मागणे वकिली व्यवसायाच्या नियमांविरुद्ध आहे, आणि बेकायदा मागणीच्या जोरावर कुणाला आरोपी करता येत नाही, असे त्यांनी सांगितले. या प्रकरणात मला निकालापेक्षा खटलाच जास्त बोलका वाटतो. जी फी घेण्याला मनाई आहे, तिच्या वसुलीसाठी एक वकील उघडपणे कोर्टाची पायरी चढला आणि दोन पायऱ्यांवर त्याला कुणी अडवले नाही. मनाई किती पातळ झाली आहे हे समजायला एवढे पुरे.

मोटार अपघाताच्या दाव्यांत ‘टक्केवारी’ हा शब्द कोर्टाच्या आवारात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आधी काही द्यायचे नाही, भरपाई आली की ठरलेला हिस्सा वकिलाचा. लेखी काही नाही, पावती नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांतला विसावा नियम सांगतो की वकिलाने दाव्याच्या निकालावर अवलंबून असलेली फी ठरवू नये आणि मिळकतीत वाटा घेऊ नये. असा करार १८७२च्या करार कायद्यातल्या तेविसाव्या कलमाखालीही टिकत नाही आणि १९६१च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टखाली तो गैरवर्तनात मोडतो. म्हणजे कागदावर प्रश्न मिटलेला आहे. तरी पाय मोडून घरी पडलेल्या माणसाला वकील मिळतो तो बहुधा याच बोलीवर. मी इथे टक्केवारीची तरफदारी करायला निघालेलो नाही आणि तिच्यावर तुटून पडायलाही नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. भरपाई मिळवण्याचा खर्च भरपाईतूनच का निघावा? आपली सगळी चर्चा वकिलाने किती घ्यावे या प्रश्नापाशी अडते. कुणाच्या खिशातून घ्यावे, हा त्याच्या आधीचा प्रश्न आहे.

भरपाईची रक्कम कशी ठरते ते पाहिले की हा प्रश्न का आधीचा, ते कळते. जखमी माणसाच्या दाव्यात उपचारांचा झालेला खर्च, पुढे होणारा खर्च, बुडालेली कमाई, कमी झालेली कमाईची ताकद, सांभाळायला लागणारा माणूस, सोसलेल्या वेदना असे एकेक खाते वेगळे मांडले जाते. वय पाहून गुणक लावला जातो. मृत्यूच्या दाव्यात तर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ऑक्टोबर २०१७मध्ये अंत्यविधीसाठी पंधरा हजार, मालमत्तेच्या हानीसाठी पंधरा हजार आणि सहवास गमावल्याबद्दल चाळीस हजार असे आकडे ठरवून दिले, दर तीन वर्षांनी त्यांत दहा टक्के वाढही सांगितली. इतक्या बारकाईने मांडलेल्या हिशोबात वकिलाच्या फीचे खाते नाही. मग सोळा टक्के किंवा जे काही ठरले असेल ते जाते कुठून? ते दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या पैशांतून जाते, कृत्रिम पायाच्या पैशांतून जाते, मुलांच्या वाट्यातून जाते. कायदा या रकमेला ‘न्याय्य भरपाई’ म्हणतो. न्याय्य रकमेतून एक तुकडा आधीच कापला जाणार असेल, तर हातात उरते ती रक्कम कायद्याच्या स्वतःच्या मोजमापाने अपुरी ठरते.

आणि ही गोष्ट मूठभरांची नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले, १,६८,४९१ माणसे मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. महाराष्ट्रातले मृत्यू १५,२२४. जखमींमधला बराच मोठा भाग दुचाकीवरचा किंवा पायी चालणारा, म्हणजे ज्याच्या घरात एका महिन्याचा पगार चुकला तर उधारी सुरू होते असा. त्याने एफआयआर आणि पंचनाम्याच्या नकला मिळवायच्या, दवाखान्याची बिले जपायची, अपंगत्वाचा दाखला काढायचा आणि तो देणाऱ्या डॉक्टरला साक्षीला आणायचे. हे शेवटचे काम सगळ्यांत अवघड. उपचार करणारे डॉक्टर कोर्टात तासन्‌तास बसायला नाखूश असतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१०च्या एका निकालात नोंदवले. डॉक्टरांची साक्ष ठरल्या वेळी आणि प्राधान्याने घ्यावी, वाद नसलेली वैद्यकीय कागदपत्रे साक्षीविना स्वीकारावीत, न्यायाधिकरणाने मुका प्रेक्षक होऊन बसू नये, असा त्या निकालाचा रोख होता. समोर विमा कंपनी असते. तिचे वकील ठरलेले, त्यांची फी धंद्याच्या खर्चात धरलेली, म्हणजे शेवटी हप्त्यातून वसूल होणारी. एका बाजूचा कायदेशीर खर्च लाखो वाहनमालकांत वाटला जातो, दुसऱ्या बाजूचा एकाच मोडलेल्या माणसावर पडतो.

या माणसापुढे मार्ग कोणते? पदरचे पैसे घालणे, दागिने गहाण टाकणे, पतसंस्थेकडे जाणे, हे तर आहेच. दवाखान्याने ते बहुतेक संपवलेले असतात. मे २०२५मध्ये केंद्राने अपघातग्रस्तांसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. तिने पहिल्या आठवड्याचा भार हलका होईल, पण दाव्याच्या खर्चाशी तिचा संबंध नाही. दुसरा मार्ग सरकारी विधी सेवेचा. १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ३९-अ हे कलम आले आणि १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने त्याला हातपाय दिले. या कायद्याचे बारावे कलम आपल्याकडे जितके वाचले जायला हवे तितके वाचले जात नाही. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार यांना फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. अपघातात नवरा गेलेली प्रत्येक स्त्री, मग ती नोकरदार का असेना, या कलमात बसते. तिला टक्केवारीच्या बोलीवर जाण्याचे कायद्याने काहीच कारण नाही. तरी ती जाते, कारण विधी सेवेचे कार्यालय तिला शोधत येत नाही, आणि दुसरे कुणीतरी येते.

विधी सेवेच्या मर्यादाही लपवण्यात अर्थ नाही. पॅनेलवरच्या वकिलाला मिळणारा मोबदला इतका तुटपुंजा असतो की चांगल्या वकिलाने ते काम मन लावून करावे ही अपेक्षा त्याच्या सज्जनपणावर टाकलेला बोजा ठरते. ‘फुकटचा वकील’ या शब्दातच लोकांचा अविश्वास आहे. शिवाय उत्पन्नाची अट ज्यांना लागू आहे त्यांच्यासाठी महाराष्ट्रातली मर्यादा वर्षाला तीन लाखांची. महिन्याला सव्वीस हजार कमावणारा अविवाहित तरुण मेकॅनिक, खुल्या प्रवर्गातला, त्या रेषेच्या बाहेर पडतो. अपंगत्वाचा दाखला हाती आला की तोच पुन्हा आत येतो, पण दाखला मिळवण्यासाठीच तर त्याला मदत हवी असते. लोकअदालतीचे कौतुक आपण पुष्कळ करतो. तिथे प्रकरण लवकर सुटते, निवाडा अंतिम असतो, अपील नसते. मात्र ज्याच्या घरी चूल थंड आहे तो तडजोडीला बसतो तेव्हा त्याचा होकार पूर्ण मोकळा नसतो. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले १६४वे कलम याचाच दुसरा नमुना. चूक कुणाची हे न पाहता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात, ही सोय चांगली. पण ही रक्कम स्वीकारली की १६६व्या कलमाखालचा पूर्ण भरपाईचा दावा बाद होतो. दावा चालवायला पैसे नाहीत म्हणून अडीच लाखांवर समाधान मानणारा माणूस किती गमावतो, हे त्याला सांगायलाही वकीलच लागतो.

कामगारांची गोष्ट जरा वेगळी आहे आणि शिकण्यासारखी आहे. १९२३चा कामगार नुकसानभरपाई कायदा, पुढे त्याला कर्मचारी नुकसानभरपाई कायदा म्हणू लागले, इंग्रजी अमलात झाला. त्याच्या नवव्या कलमाने भरपाईची रक्कम कुणाच्या नावे करून द्यायला, तिच्यावर बोजा चढवायला आणि तिच्यावर जप्ती आणायला बंदी घातली. कामगाराची भरपाई ही सावकाराच्या पंज्यात जाऊ नये एवढी समज शंभर वर्षांपूर्वी होती. २०२५मध्ये हा कायदा नव्या संहितेत विलीन होईपर्यंत त्याचे चोविसावे कलम नोंदणीकृत कामगार संघटनेच्या पदाधिकाऱ्याला जखमी कामगाराच्या वतीने आयुक्तांपुढे उभे राहू देत होते. जिथे संघटना जिवंत आहे तिथे खर्च वर्गणीतून निघतो आणि भरपाईला हात लागत नाही. युनियनचा जोर ओसरला तसा हा मार्गही अरुंद झाला. कारखान्याच्या आत बोट गेलेल्या कामगाराला हे नववे कलम संरक्षण देत होते, फाटकाबाहेर ट्रकखाली पाय गेलेल्या त्याच कामगाराला मोटार वाहन कायद्यात असे कलम नाही.

आता तिऱ्हाइताच्या पैशांवर दावा लढवण्याचा मार्ग. यावर आपल्याकडचा कायदा इंग्लंडहून सुरुवातीपासूनच वेगळा चालला. दुसऱ्याच्या दाव्यात पैसे घालून वाटा मागणे हा तिकडे जुन्या काळी गुन्हा होता. १८७६ साली कलकत्त्याहून गेलेल्या एका प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने ठरवले की ते कडक नियम हिंदुस्थानात लागू नाहीत. गरिबाचा खरा दावा पैशांअभावी मरू नये म्हणून कुणी मदत करून रास्त वाटा घेतला तर तो करार आपोआप बेकायदा होत नाही, फक्त तो पिळवणुकीचा किंवा जुगाराचा नसावा. १९५४ला छापल्या गेलेल्या एका निकालात मुंबईच्या वकिलाने अशिलाशी निम्म्या वसुलीचा करार केल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे होते. नागपूरच्या वकिलीत घडलेले न्या. व्हिव्हियन बोस यांनी त्यात साफ लिहिले की हाच करार वकिलेतर दोघांत झाला असता तर त्याला हरकत घेता आली नसती, वकिलाने केला म्हणून ते गैरवर्तन. २०१८मध्ये परदेशी वकिलांसंबंधीच्या प्रकरणातही न्यायालयाने वकील सोडून इतरांनी दाव्याला पैसे पुरवण्यावर बंदी दिसत नाही, असे नोंदवले. महाराष्ट्राने तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पंचविसाव्या आदेशात आपली दुरुस्ती करून अशा पैसेवाल्याला दाव्यात वादी म्हणून जोडण्याची आणि त्याच्याकडून खर्चाची हमी मागण्याची तरतूद केली आहे. थोडक्यात, जखमी माणसाच्या भरपाईत सावकार वाटेकरी होऊ शकतो, कंपनी होऊ शकते, शेजारी होऊ शकतो. होऊ शकत नाही तो फक्त वकील, आणि व्यवहारात होतो तो बहुधा वकीलच. पैसा पुरवणाऱ्या कंपन्या लवादाच्या कोट्यवधींच्या वादांत रस घेतात. सोलापूर रस्त्यावर जखमी झालेल्या एखाद्या फळविक्रेत्याच्या चार-सहा लाखांत त्यांना रस असण्याचे कारण नाही.

मग टक्केवारी कायदेशीर करून टाकावी का? इंग्लंडने हा रस्ता चालून पाहिला आहे. तिथे १९९५पासून ‘जिंकलो तरच फी’ या बोलीला परवानगी मिळाली आणि १९९९च्या कायद्याने दुखापतीच्या बहुतेक दाव्यांची सरकारी मदत काढून घेतली. त्याच कायद्याने वकिलाची जादा फी आणि खर्चाच्या विम्याचा हप्ता हरलेल्या पक्षाकडून वसूल करता येऊ लागला. अशिलाला काहीच द्यावे लागेना, म्हणून त्याने फीत लक्ष घातले नाही, खर्च फुगले आणि दावे गोळा करणाऱ्या कंपन्यांचे पेव फुटले. लॉर्ड जस्टिस जॅक्सन यांच्या अहवालानंतर एप्रिल २०१३पासून गाडी उलटी फिरवली गेली. जादा फी पुन्हा अशिलावर आली, पण तिला दुखापतीच्या भरपाईच्या आणि झालेल्या नुकसानीच्या पंचवीस टक्क्यांची कमाल मर्यादा घातली. पुढच्या काळजीसाठी दिलेल्या रकमेला हात लावता येणार नाही, असे ठरले. वेदनांच्या भरपाईत दहा टक्के वाढ दिली, आणि हरलेल्या जखमीवर समोरच्याचा खर्च सहसा पडू नये अशी तजवीज केली. अशील पाठवल्याबद्दल दलाली घेण्यावर बंदी आली. या सगळ्यातून मी एवढेच घेतो की वाटा लेखी असला तर त्याला कुंपण घालता येते, त्यातून कोणती रक्कम वगळायची ते ठरवता येते. तोंडी वाट्याला कुंपण नसते.

पण इंग्लंडची नक्कल करण्याआधी एक फरक ध्यानात घ्यायला हवा, आणि आपल्या चर्चेत तो हरवतो. टक्केवारीचे समर्थन जोखमीवर उभे असते. दावा हरला तर वकिलाचे श्रम फुकट जातात, म्हणून जिंकल्यावर जास्त घ्यायचे. मोटार अपघाताच्या पुष्कळ दाव्यांत ही जोखीम असते कुठे? वाहन सापडलेले आहे, विमा चालू आहे, आरोपपत्र दाखल आहे, अशा प्रकरणात काहीतरी भरपाई मिळणार हे पहिल्या दिवसापासून दिसत असते. प्रश्न किती आणि केव्हा एवढाच. इथे वकील जोखीम घेत नाही, तो वाट पाहतो. वाट पाहण्याला मोबदला हवा, पण तो व्याजासारखा असावा, मालमत्तेतल्या हिश्शासारखा नसावा. ज्या दाव्यात वाहन पळून गेले आहे, परवाना खोटा आहे, विमा कंपनी हात वर करते आहे, तिथे वकिलाची झुंज खरी असते. दोन्हींना एकच टक्का लावणारी आजची बोली त्यामुळे सोप्या दाव्यांत लूट ठरते.

वकिलाच्या वाट्याच्या या वादात पहिला आक्षेप वकिली व्यवसायाच्या शुचितेचा आहे. वकील वाटेकरी झाला की तो कोर्टाचा अधिकारी उरत नाही, साक्षीदार पढवतो, खोटे दावे उभे करतो. आक्षेप पोकळ नाही. उत्तर प्रदेशात बनावट अपघात दाव्यांच्या चौकशीसाठी उच्च न्यायालयाच्या आदेशाने विशेष तपास पथक नेमावे लागले आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या बार कौन्सिलला धारेवर धरले. पण हे सारे मनाई असतानाच घडले. मनाईने वाटा थांबला नाही, फक्त त्याचा हिशोब थांबला. दुसरा आक्षेप वकिलांचा. तालुक्याच्या कोर्टात पाच-सात वर्षे दावा चालवायचा, टायपिंगपासून डॉक्टरच्या फीपर्यंत पदरचे घालायचे, आणि शेवटी अशिलाने पाठ फिरवली तर? हा आक्षेप मला रास्त वाटतो. भरपाई थेट दावेदाराच्या बँक खात्यात जमा करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये सांगितले, ते योग्यच झाले. त्याने वकिलाच्या हातून रक्कम जाण्याची वाट बंद होते, पण प्रामाणिक वकिलाची फीही अधांतरी राहते. आगाऊ सही करून घेतलेला चेक जन्माला येतो तो याच भीतीतून.

म्हणून फी विमा कंपनीने द्यावी, निवाड्यातच, भरपाईच्या वर आणि वेगळ्या ओळीत. दिवाणी संहितेत हरलेल्याने खर्च देण्याची तरतूद आहेच. २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा खर्च नाममात्र नसावा, खरोखर झालेला आणि रास्त असावा, वकिलाची फी त्यात धरावी, असे बजावले. ‘खर्चासह मंजूर’ या शब्दांत आजही जी रक्कम बसते तिच्यात डॉक्टरच्या एका खेपेचे भागेल की नाही शंका आहे. २०१५च्या व्यावसायिक न्यायालय कायद्याने मात्र संहितेचे पस्तिसावे कलमच व्यापारी वादांपुरते बदलून टाकले. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा वकिलाच्या फीसकट रास्त खर्च द्यावा हा तिथे सर्वसाधारण नियम झाला. दोन कंपन्यांच्या भांडणात जे न्याय्य वाटले ते पाय गमावलेल्याला नाकारायचे कारण मला सापडत नाही. दाव्याच्या टप्प्यांनुसार फीचा तक्ता ठरवावा, लढतीच्या दाव्यात न्यायाधिकरणाला वाढवायची मुभा द्यावी, आणि अशिलाकडून वेगळा वाटा घेतल्यास तो खरा गुन्हा मानावा. विमा कंपन्या म्हणतील, हप्ते वाढतील. वाढतील, थोडे. तृतीय पक्ष विम्याचे दर सरकार ठरवते आणि तो भार कोट्यवधी वाहनांवर विभागला जातो. इजा सिद्ध करण्याचा खर्च हा इजेचाच भाग आहे, तो जखमीने का सोसावा? शिवाय कंपनीला तो टाळायचा असेल तर वाट मोकळी आहे. अपघाताची माहिती मिळाल्यापासून तीस दिवसांत तडजोडीची रक्कम देऊ करण्याची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या १४९व्या कलमात आहे. रास्त रक्कम वेळेत देऊ करणाऱ्या कंपनीवर पुढच्या फीचा बोजा टाकू नये. आज उशीर कंपनीच्या फायद्याचा आहे, तो तोट्याचा व्हायला हवा.

खर्च मुळातच कमी करायचा दुसरा उपायही कायद्यात बसून आहे. २०२२च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा आहे, आणि १६६व्या कलमानुसार न्यायाधिकरणाने तोच अहवाल भरपाईचा अर्ज म्हणून धरायचा आहे. दिल्ली उच्च न्यायालयात घडलेली ही पद्धत देशभर राबवण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२मध्ये दिले. ती जिथे नीट चालेल तिथे नकला गोळा करण्यासाठी वकील लागणार नाही. ज्या पोलीस ठाण्यात बंदोबस्तालाच माणसे पुरत नाहीत तिथे सविस्तर अहवाल कोण लिहिणार, हा प्रश्न सरकारने स्वतःला विचारायचा आहे. मंजूर झालेल्या पण कुणी न उचललेल्या भरपाईचा प्रश्न २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा एकट्या गुजरातेतली रक्कम दोनशे कोटींच्या वर निघाली. दावेदार आणि त्याचे पैसे यांच्यामधला दुवा फक्त वकील असला, आणि तो दुवा तुटला, की असे होते.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर ज्यांच्या घरात हे संकट आले आहे त्यांनी वकीलपत्रावर सही करण्याआधी जिल्हा न्यायालयाच्या इमारतीतल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात किंवा तालुका विधी सेवा समितीकडे एकदा जाऊन यावे. स्त्री असेल, मूल असेल, कामगार असेल तर उत्पन्नाचा दाखला कुणी मागितला तरी बाराव्या कलमाचे नाव घ्यावे. खासगी वकील नेमला तर फीचा आकडा रुपयांत, टप्प्यांनी आणि लेखी ठरवावा, प्रत्येक रकमेची पावती घ्यावी, कोऱ्या चेकवर सही करू नये. दावा अपघात झाला तिथेच लावावा लागतो असे नाही, तो आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही लावता येतो. दावा लावण्याच्या, २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या आव्हानाच्या भरवशावर राहू नये. कायद्याच्या पुस्तकात ती सहा महिन्यांची आहे, आणि मोजली जाते ती अपघाताच्या दिवसापासून.